विसरल्या, की ऐकूच गेलं नव्हतं?

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांसाठीच्या दुपारच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

बायांनो, जेवणं उरकली असतील, भांडी व्हायची असतील. भांडी घासता घासता ऐकलंत तरी चालेल. फक्त घरात कुणी वयस्कर माणूस असेल, तर त्यांनाही रेडिओजवळ बोलवा आणि आवाज थोडा वाढवा. आज बोलायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे. आणि आपल्याबद्दलही आहे, कारण आज ना उद्या आपणही त्याच पाटावर बसणार आहोत.

मी अक्कलकोट तालुक्यातली. तीस वर्षं अंगणवाडीत काम केलं. लहान लेकरू कोणत्या महिन्यात मान धरतं, कधी बोलायला लागतं, पहिला शब्द कधी येतो, हे सगळं मला पाठ होतं. पण म्हातारपणी बोलण्याचं, ऐकण्याचं, आठवणीचं काय होतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मी घरात शिकले, आणि चूक करून शिकले. ती चूक आधी सांगते.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो. तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या. त्यांना साखरेचा त्रास. एकदा मुलगा त्यांना तपासायला घेऊन गेला. दवाखान्यात ही गर्दी. वर पंखा खडखड वाजतोय, डॉक्टरांच्या तोंडाला मास्क, मान खाली घालून कागदावर लिहिता लिहिता त्यांनी एका दमात सांगितलं, ‘‘ही सकाळी नाश्त्याआधी एकच, ही दोन वेळा जेवणानंतर, ही बारकी रात्री झोपताना, आणि पंधरा दिवसांनी रक्त तपासून रिपोर्ट घेऊन या.’’ आत्यांनी मान हलवली. ‘‘होय साहेब’’ म्हणाल्या. पोरगा बाहेर गाडी लावत होता.

घरी आल्यावर सकाळची गोळी त्या दोन्ही वेळा घ्यायला लागल्या. चौथ्या दिवशी संकष्टी होती. पोटात काही नाही आणि गोळी घेतलेली. दुपारी दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर होत्या म्हणून साखरेचं पाणी पाजलं, थोड्या वेळानं बऱ्या झाल्या. आणि मी काय केलं? सगळ्या घरासमोर म्हणाले, ‘‘आत्या, तुमचं डोकं आता चालत नाही. सांगितलेलं काही लक्षात राहत नाही.’’

त्या काही बोलल्या नाहीत. मी कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडं घेतल्या. गटाचं पासबुक माझ्याकडं घेतलं. घरात काही ठरवायचं असलं की त्यांना विचारायचं बंद झालं. हळूहळू त्यांनीही बोलणं बंद केलं. भजनाला जायच्या, ते सुटलं. दोन महिन्यांत बाई कोपऱ्यातली झाली. आम्ही म्हणायचो, ‘‘वय झालं.’’

पुढं ग्रामीण रुग्णालयात कान तपासायचं शिबिर होतं. माझं नाव आशाताईंनी गर्दी सांभाळायला घातलं होतं, म्हणून आत्यांनाही सोबत नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी कानातून केवढा तरी मळ काढला. मग मशीनवर ऐकणं तपासलं. आणि मला विचारलं, ‘‘ताई, तुम्ही सांगितलेलं त्या विसरतात म्हणता. पण विसरतात, की त्यांना ऐकूच गेलेलं नसतं?’’

बायांनो, मला उत्तर देता आलं नाही. जे कानातून आत गेलंच नाही, ते लक्षात कुठून राहणार?

त्या बाईंनी मला जे समजावलं, आणि नंतर मी वाचून, विचारून जे समजून घेतलं, ते तुम्हाला सांगते.

वय वाढतं तसा कान बारीक, उंच आवाज आधी सोडतो. आपल्या बोलण्यात स, श, फ, त, क असे जे हलके आवाज असतात ते पुसट होतात. आ, ओ, ए हे जाड आवाज राहतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, ‘‘ऐकू येतंय ग, पण कळत नाही.’’ ते अगदी खरं असतं. बोलतोय एवढं कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. ‘सात’ म्हटलं की ‘आठ’, असं होतं. बायकांचा आणि लेकरांचा आवाज बारीक, म्हणून सुनेचं आणि नातवाचं बोलणं आधी हुकतं, आणि मुलाचं मात्र ऐकू जातं. मग आपण म्हणतो, ‘‘लेकाचं बरं ऐकू येतं यांना!’’ किती घरांत यावरून भांडणं झाली असतील.

आणि ओरडून उपयोग नसतो. ओरडलं की जाड आवाज आणखी जाड होतो, बारीक आवाज तसेच राहतात. वर चेहरा रागावलेला दिसतो. समोरच्याला वाटतं, ही माझ्यावर खेकसतेय.

आता कानापलीकडची गोष्ट. आपली आठवण म्हणजे घरातली धान्याची कोठी समजा. आणि समोर हातात आहे ते सूप. कोठीत जन्मभराचं धान्य साठलेलं असतं: शब्द, नाती, पीकपाणी, म्हणी, कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला. ही कोठी वयानं रिकामी होत नाही. शब्दांचा साठा तर साठी-सत्तरीपर्यंत टिकतो, उलट वाढतो. चांगल्या तब्येतीच्या सत्तर वर्षांच्या बाईला तिच्या पंचवीस वर्षांच्या नातसुनेपेक्षा कितीतरी जास्त शब्द येतात.

लहान होतं ते सूप. म्हणजे एका वेळी मनात धरून ठेवायची जागा. आणि पाखडायचा वेगही कमी होतो. डॉक्टरांनी एका दमात चार गोष्टी सांगितल्या. पहिली समजून घेईपर्यंत तिसरी आली, तिसरी धरायला गेलं तर पहिली सांडली. त्यात ऐकू नीट येत नसलं, तर शब्द ओळखण्यातच सगळं बळ जातं, आणि लक्षात ठेवायला काही उरत नाही. डोकं चालत नाही असं नाही. सुपात मावेल त्यापेक्षा जास्त एकदम ओतलं गेलं.

तिसरी गोष्ट नावांची. ‘‘अगं ती... ती नाही का... वाण्याच्या घराशेजारी राहायची... अगदी तोंडावर आहे बघ.’’ हे चाळिशीनंतर आपल्यालाही व्हायला लागतं आणि वयानं वाढतं. माणसांची नावं सगळ्यात आधी हुकतात. त्या बाईचं घर, तिचा नवरा, तिची तीन लेकरं, सगळं आठवतं, फक्त नाव येत नाही. धान्य कोठीतच आहे, पण कुठल्या कणगीत ते चटकन सापडत नाही. थोड्या वेळानं भाकरी थापताना आपोआप आठवतं. यात घाबरण्यासारखं काही नाही.

आणि हाताला लागलेलं काम तर फार उशिरापर्यंत टिकतं. भाकरी थापणं, वाती वळणं, पेरणीचं बी निवडणं. तरुणपणीच्या आठवणीही पक्क्या राहतात. कमी पडतं ते नवं आणि नुकतंच घडलेलं: काल कोण आलं होतं, गोळी घेतली की नाही, चष्मा कुठं ठेवला.

आमच्या आत्यांचं माहेर विजापूरकडचं. लहानपणी घरात सगळी कन्नड. लग्न होऊन आल्यावर मराठी शिकल्या. हिशेब अजून कन्नडमध्ये करतात. दमल्या की पाण्याला ‘नीरू’ म्हणतात. नातू हसायचा, ‘‘आजी काहीपण बोलते.’’ काहीपण नाही रे बाळा. दमलेल्या माणसाच्या ओठावर पहिली भाषा आधी येते. आणि ही दुसरी भाषा म्हणजे ओझं नाही, ती पुंजी आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती. कधी शाळेत न गेलेल्या माणसांमध्येही हा फरक होता. आपल्या सीमाभागातल्या बायका दोन-तीन भाषा बाजारात आणि शेतात शिकतात. त्यानं आजार होणारच नाही असं कुणी म्हणू नये. पण त्या बोलींची लाज मात्र सोडा.

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट. मी केलेल्या चुकीच्या बरोबर उलटी चूक आमच्या गल्लीत झाली, आणि ती जास्त महाग पडली.

शेजारच्या एक काकू. नाव सांगत नाही. पासष्टी नुकतीच ओलांडली होती. एका तासात तोच प्रश्न पाच वेळा विचारायच्या. आमटीत दोनदा मीठ. स्वतःच्या शेताच्या वाटेवर चुकल्या आणि भलत्याच वस्तीवर सापडल्या. हातात विळी घेऊन तिच्याकडं नुसत्या बघत बसायच्या. लोक म्हणाले, ‘‘वय झालं, चालायचंच.’’ मग त्या म्हणायला लागल्या की सुनेनं माझं मंगळसूत्र चोरलं. नवऱ्याला सांगितलं, भावकीला सांगितलं. त्या पोरीची झडती घेतली गेली. कुणी म्हणालं बाहेरची बाधा आहे, वर्षभर देवऋषी झाले. सून माहेरी निघून गेली. मंगळसूत्र पुढं ज्वारीच्या कणगीत सापडलं, काकूंनीच जपून ठेवलेलं. पण सापडेपर्यंत त्या पोरीच्या नावाला जे लागायचं ते लागलं होतं.

काकू खोटं बोलत नव्हत्या. ठेवलेलं आठवत नव्हतं, मग वस्तू गेली म्हणजे कुणीतरी घेतलीच, असं आजारी मन जुळवतं. हा आजार होता. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, दवाखान्यात डिमेन्शिया म्हणतात. ही वयाची नेहमीची चाल नाही. आपल्या देशात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत साधारण सात जणांना तो असतो, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणून हे आपल्या गटात बोलायलाच हवं.

फरक कसा ओळखायचा? विळी कुठं ठेवली हे विसरणं वेगळं, विळी कशासाठी असते हे विसरणं वेगळं. पाहुण्याचं नाव न आठवणं वेगळं, पोटच्या लेकराला न ओळखणं वेगळं. सांगितलेलं अर्धं विसरणं वेगळं, आणि आपल्याशी कुणी काही बोललं होतं हेच विसरणं वेगळं. रोजच्या वाटेवर चुकणं, वर्षानुवर्षं केलेला स्वयंपाक न जमणं, पैशाचा साधा हिशेब अचानक न येणं, स्वभाव पार बदलणं, आणि हे महिन्यामहिन्यानं वाढत जाणं: असं दिसलं तर डॉक्टरांकडं न्या. आशाताई जो तपासणीचा फॉर्म भरून घेतात, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी प्रश्नच आहे की जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का. तो प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. खरं उत्तर द्या.

डॉक्टरांकडं जायचं कारण आणखी एक. विसराळूपणाची काही कारणं औषधानं सुधारतात. बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉईड, मनाची उदासी, झोप नसणं, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या. नवरा गेल्यानंतर गप्प झालेली बाई ‘विसरभोळी’ दिसते, पण तिचं दुखणं मनाचं असतं.

आणि एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवा. माणूस काल चांगला होता आणि आज एकदम असंबद्ध बोलायला लागला, तर ते वय नव्हे. लघवीतला जंतुसंसर्ग, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, साखर उतरणं, पडून डोक्याला लागणं, यातलं काही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. बोलता बोलता जीभ जड झाली, आपलं बोलणं त्यांना अचानक कळेनासं झालं, तोंड एका बाजूला गेलं, हात उचलेना, तर तो लकवा असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तेल चोळण्यात, उतरवून टाकण्यात तो वेळ घालवू नका.

आता घरात बोलायचं कसं, ते सांगते. आम्ही हे करतो आहोत, आणि फरक पडलाय.

पहिलं, समोर या. पाठीमागून, दुसऱ्या खोलीतून हाक मारून काही सांगू नका. उजेडात बसा, तोंड दिसू द्या. टीव्ही, मिक्सर बंद करा. आधी ‘‘आत्या’’ अशी हाक, त्यांनी बघितलं की मग बोलणं.

दुसरं, एका वेळी एक गोष्ट. वाक्य संपलं की क्षणभर थांबा. एकेक शब्द ओढून बोलू नका, आणि लहान बाळाशी बोलतो तसं लाडं लाडं तर मुळीच बोलू नका. त्यानं कळत काही नाही, अपमान तेवढा होतो.

तिसरं, आधी विषय सांगा. ‘‘उद्याच्या बँकेचं बोलायचंय’’ असं म्हटलं की निम्मं काम झालं. विषय कळला की पुसट ऐकू आलेले शब्दही म्हातारी माणसं अंदाजानं बरोबर जोडतात. त्यात ती तरुणांइतकीच हुशार असतात.

चौथं, कळलं का असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. आत्याही ‘‘होय साहेब’’ म्हणाल्याच होत्या. त्याऐवजी म्हणा, ‘‘मी नीट सांगितलं की नाही बघू. कशी घ्यायची गोळी, मला सांगा बरं.’’ चूक आपल्या अंगावर घ्यायची, म्हणजे त्यांना परीक्षा वाटत नाही.

पाचवं, गोळीची सांगड रोजच्या कामाशी घाला. आमच्याकडं सकाळची डबी भाकरीच्या बुट्टीजवळ, रात्रीची डबी देवाच्या दिव्याजवळ. भाकरी नाही तर ती गोळी नाही. उपवास असेल तर आधीच डॉक्टरांना विचारायचं.

सहावं, पाहुण्यांना आवरा. आल्या आल्या विचारतात, ‘‘आजी, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?’’ यात कसली हौस आहे? आपणच सांगावं, ‘‘आजी, मी तुमच्या नणंदेची धाकटी.’’ आणि शब्द अडकला तर झडप घालून पुरा करू नका. वेळ द्या, तो येतो.

कानात काडी, पिन, गरम तेल घालू नका. कान तपासून घ्या. यंत्र लागलं तर ऐपत नसलेल्या ज्येष्ठांना ते मिळावं म्हणून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. पण यंत्र मिळालं की काम झालं असं नाही. आमच्या आत्यांनी ते पहिले पंधरा दिवस डब्यात ठेवलं होतं. म्हणाल्या, ‘‘भांड्यांचाच आवाज येतो नुसता.’’ सवय व्हायला काही आठवडे लागतात. रोज थोडा थोडा वेळ घालायला लावलं.

आणि बायांनो, हे फक्त सासूसाठी नाही. आपण चाळिशी-पन्नाशीत आहोत, आपली तयारी आताच सुरू होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकानं नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ साली सांगितलं की स्मृतिभ्रंशाच्या जवळपास ४५ टक्के प्रकरणांमागं अशी १४ कारणं आहेत, ज्यांच्यावर काही करता येतं. त्यात काय काय आहे बघा: कमी शिक्षण, कमी ऐकू येणं, नजर कमी होणं, रक्तदाब, साखर, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, बैठं राहणं, तंबाखूचा धूर, दारू, डोक्याला मार, उदासी, हवेतला धूर, आणि एकटेपणा. म्हणजे रक्तदाब तपासणं, धुराच्या चुलीतून सुटणं, मोतीबिंदू काढून घेणं, नवऱ्याचा मार सहन न करणं आणि पोरीची शाळा न तोडणं, हे सगळं पुढच्या आठवणीचंही राखण आहे. मशेरी तर सोडाच, त्यानं तोंडही जातं.

एकटेपणाचं मला जास्त लागलं. कारण तो आत्यांना मी दिला होता.

त्यांच्या किल्ल्या मी परत दिल्या. माफी मागताना माझी जीभ अडखळली. त्या म्हणाल्या, ‘‘तू त्या दिवशी काय बोललीस, ते मला सगळं ऐकू आलं होतं बघ.’’ एवढंच म्हणाल्या. ते मी विसरणार नाही. त्या अजूनही गोष्टी विसरतात. काल काय भाजी केली ते विचारलं तर हसतात. पण भजनाला जातात, आणि गेल्या महिन्यात दिराच्या पोरीचं लग्न ठरलं, तेव्हा आहेराची सगळी यादी त्यांनी तोंडपाठ सांगितली. आम्ही लिहून घेतली.

आता गटासाठी एक काम. पुढच्या बैठकीत हिशेब वाचताना आकडा दोनदा वाचा, आणि प्रत्येक आकड्यानंतर थांबा. सगळ्यात वयस्कर बाईला भिंतीशी नाही, वाचणारीच्या समोर बसवा. कुठल्याही कागदावर तिचा अंगठा घेण्याआधी त्यात काय लिहिलंय ते तिच्या तोंडून वदवून घ्या. नसेल सांगता येत, तर त्या दिवशी अंगठा नको. फोनवरून कुणी आकडे मागितले तर ते कुणालाच सांगायचे नाहीत, हेही तिला समोर बसून, एकदा नाही, चार वेळा सांगा.

मदत लागली तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे फोन आहेत. पैसे लागत नाहीत. भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा, मोठ्या अक्षरात.

येते मी. आता रेडिओ बंद करून घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. समोर बसा, आणि त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबा.

नमस्कार.